चिमूट

राजरत्न बबन शेजवळ याच्याविषयी चांगलं लिहायला आमच्या बुवापाड्यात कोणीही बसेल. विहाराच्या अभ्यासिकेत त्याचा पदवीदानाच्या झग्यातला फोटो आहे. त्याच्याकडे बोट दाखवून इथल्या आया पोरांना अभ्यासाला बसवतात. मी त्यातली नाही. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो जाण्यातला नाही. तरी लिहायला मीच बसले आहे, कारण बाकीचे फोटोला ओळखतात आणि मी माणसाला.

आम्ही त्याला राजूदादा म्हणतो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याचे वडील बबनकाका आणि माझे वडील धर्मराज, दोघेही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात होते. कापड रंगवायचे रंग बनायचे तिथे. माझे वडील सुकवणीच्या खात्यात, म्हणजे रंगाची पूड अंगावर घेणाऱ्यांत. आठवडाभर लाल बॅच चालली की आमच्या उशांचे अभ्रे लाल व्हायचे, निळी चालली की निळे. आई अभ्रे धुवायची आणि कारखान्याच्या नावाने बोटं मोडायची. बबनकाका लॅबमध्ये असल्यामुळे त्यांची फक्त नखं रंगलेली असायची. आमच्या गल्लीत तेवढ्यावरून कोण कुठे काम करतो ते कळायचं.

काकांचं काम शेड जुळवायचं. तयार बॅचचा नमुना लाइट बॉक्समध्ये ठरलेल्या नमुन्याशेजारी ठेवायचा आणि नजर लावून बघायचं. जरा पिवळट वाटला तर बॅच फेकायची नाही, त्यात बेताने निळा घालायचा, की शेड जागेवर येते. याला कारखान्यात टोन करणं म्हणतात. काका म्हणायचे, चिमूट घालणं. टनभर मालाला ती चिमूट किलोची असायची, पण त्यांचा शब्द तोच. त्यात लबाडी काहीच नव्हती. किती घातलं, कधी घातलं, कोणी घातलं, सगळं बॅच कार्डावर लिहून खाली सही करायची.

"घातलं त्यात काय पाप नाय पोरी," काका मला सांगायचे. "पण न लिहिता घातलं, तर मग ती चोरीच झाली ना."

राजूदादा अभ्यासिकेत दर रविवारी आम्हाला गणित शिकवायचा. डोक्याला तेल, खिशाला दोन पेनं, आणि कसलंही गणित पुढे ठेवा, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सोपं आहे गं." त्याने कधी कोणाच्या पाठीत धपाटा घातला नाही, कोणाला मठ्ठ म्हटलं नाही. एखाद्याचं उत्तर जवळपास आलं पण शेवटचा आकडा चुकला, तर तो स्वतःच्या पेनाने आकडा नीट करायचा आणि पुढे बरोबरची खूण करून वही परत द्यायचा. पोरं खूश, पोरांच्या आया खूश. मी सुद्धा खूश असायची. आता आठवलं की वाटतं, त्या एका सवयीत सगळा माणूस होता आणि आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे तो मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत पीएचडीला लागला. आमच्या गल्लीतून तिथवर गेलेला पहिलाच. तिथे काय करतोस विचारलं, की तो म्हणायचा, "रंगावर उजेड पडल्यावर रंगाचं काय होतं ते बघतो." बबनकाका म्हणायचे, "ते तर मी तीस वर्षं बघतोय, मला कोणी झगा घातला नाय." सगळे हसायचे. पण काकांची मान तेव्हापासून ताठ झाली ती झालीच.

त्याचा विषय सांगायलाच हवा, नाहीतर त्याने काय केलं ते कळणार नाही. रंगाच्या रेणूवर उजेडाचा अगदी बारीक झटका मारला, की रेणू ती ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो. वर दोन पातळ्या जवळजवळ असल्या, तर काही क्षण तो दोन्हीकडे एकदम असतो आणि त्या दोघींचा एक ताल जमतो. याला म्हणतात कोहिरन्स. आजूबाजूचं द्रावण धक्के देत राहतं, त्याने ताल मोडतो, आणि रेणू हळूहळू तळाच्या पातळीवर येऊन निवांत होतो. हे घडायला लागणारा वेळ म्हणजे, एका सेकंदाचे हजार लाख कोटी तुकडे केले तर त्यातले काही शे तुकडे. म्हणून समीकरण मांडायचं आणि कॉम्प्युटरवर काळाच्या छोट्या छोट्या पावलांनी चालवायचं. या पावलाला वर किती हिस्सा, तळाला किती, ताल किती उरला. आमची सगळी विद्या एवढीच, की ताल किती टिकतो आणि कशाने मोडतो.

राजूदादाच्या थिसिसचा दावा असा, की त्याच्या रेणूत ताल इतर रंगांच्या दसपट टिकतो. त्यावर चांगल्या ठिकाणी पेपर छापून आला. त्याच्या गाईड सरांना त्या पेपरवर परदेशातून बोलावणी आली. २०१८ साली राजूदादा डॉक्टर झाला. विहारात सत्कार झाला, बबनकाकांनी भाषण करायला माईक हातात घेतला आणि नुसतेच रडले. पुढच्याच वर्षी त्याला उल्हासनगरच्या एका कॉलेजात नोकरी लागली, चिखलोलीला टॉवरमध्ये फ्लॅट झाला. तरी रविवारी तो अभ्यासिकेत यायचा. हे त्याचं चांगलंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्याच वर्षी माझी एमएस्सी झाली. तोच मला घेऊन सरांकडे गेला. "आमच्याकडचीच आहे सर, माझ्यापेक्षा हुशार," असं सांगितलं. सरांनी त्याचंच काम पुढे न्यायला मला दिलं. त्याचा रेणू, त्याचा प्रोग्रॅम, फक्त तापमान बदलून ताल किती टिकतो ते काढायचं. राजूदादाने प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "सोपं आहे गं." त्या दिवशी घरी येताना मला वाटत होतं की माझं नशीब उघडलं. माझ्या वडिलांनी पेढे वाटले, ते सुद्धा कारखान्याच्या गेटवर.

उत्तरं सुरुवातीपासून जागेवर येईनात. कुठलंही असं गणित तपासायचं, तर पाऊल अर्धं करून पाहायचं. वेळ दुप्पट लागेल, पण उत्तर तेच यायला हवं. लहान पावलं टाकत घरी गेलं म्हणून घर दुसरीकडे जात नाही. माझं घर मात्र दर वेळी हलत होतं. मी राजूदादाला फोन केला. पहिल्या वर्षी एकदा, दुसऱ्या वर्षी दोनदा.

"अगं, पाऊल माझंच ठेव ना," तो पहिल्यांदा म्हणाला. "बाकी काय हलवू नकोस."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा जरा वैतागला. "निलू, तू फार खोलात जातेस. आधी थिसिस संपव, मग जग सुधार."

मी स्वतःलाच मठ्ठ समजत राहिले. मधे लॉकडाऊन आला आणि गेला. सर मीटिंगमध्ये विचारायचे, राजरत्नला जमलं ते तुला का जमत नाही? तिसरं वर्ष संपत आलं, तेव्हा मी नाइलाजाने त्याचा सगळा प्रोग्रॅम छापून घेतला आणि संस्थेच्या कॅन्टीनमध्ये बसून ओळ न् ओळ वाचायला लागले. सगळी नावं इंग्रजीत होती. एका फाइलमध्ये मात्र एक नाव इंग्रजी अक्षरांत पण आपलं होतं. चिमूट.

मला आधी हसू आलं. वाटलं, बापाची आठवण ठेवली पोराने. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि समोरचा चहा तसाच राहिला.

तिथे असं लिहिलं होतं: वरच्या पातळीचा हिस्सा शून्याच्या खाली गेला, तर त्यात चिमूट मिळव आणि तेवढीच तळाच्या पातळीतून काढ. आता हिस्सा शून्याच्या खाली जाणं म्हणजे खोलीत उणे दोन माणसं बसली आहेत म्हणण्यासारखं आहे. ते समीकरण अंदाजाचं आहे. जिथे असं उणे येतं, तिथे ते सांगत असतं की बाई, इथे माझं काम नाही, दुसरं समीकरण आण. राजूदादाने त्याचं तोंड दाबलं होतं. आणि तळातून काढून वर घालायचं काम तर उजेडाचं. इथे उजेड केव्हाच बंद झालेला, तरी चिमूटचिमूट ऊर्जा वर चढत होती आणि तालात मिसळत होती. म्हणून तो ताल दसपट टिकत होता.

मी चिमूट काढली. जास्त कटकटीचं पण खरं समीकरण आणून तीन आठवडे चालवलं. ताल साठ तुकड्यांत संपला, कुठल्याही साध्या रंगात संपतो तसा. पाऊल अर्धं केलं, उत्तर हललं नाही. राजूदादाच्या थिसिसची दोनशे बारा पानं मी पुन्हा चाळली. चिमूट कुठे लिहिलेली नव्हती.

रविवारी अभ्यासिकेत गेले. पोरं जाईपर्यंत थांबले आणि तो कागद त्याच्यापुढे ठेवला.

"दादा, ही चिमूट कशाची?"

त्याने कागद हातातही घेतला नाही. "मिळाली तुला," एवढंच म्हणाला, आणि मला वाटलं की त्याला सुटल्यासारखं झालं.

"सरांनी घालायला सांगितलीवती?"

"सर बोलले, उणे येतंय त्याचं काहीतरी बघ, कॉन्फरन्सला तीन आठवडे आहेत. काय बघायचं ते नाय बोलले. ते कधी बोलतात?"

"मग?"

"मग काय. पप्पा करायचे तेच केलं. बॅच फेकायची नाय, टोन करायची. वाटलं, नंतर काढून टाकू. पण त्याच्यावरच तो रिझल्ट आला ना. पाच वर्षांत पहिल्यांदा सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, निलू. माझ्या खांद्यावर हात ठेवला."

"काका कार्डावर लिहायचे," मी म्हणाले.

त्याने खिशातली पेनं काढली आणि परत खिशाला लावली.

"तू लिहिलंस कुठे?"

"काय लिहू?" त्याचा आवाज चढला. मी त्याचा चढलेला आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "त्या ग्रुपमधल्या बाकीच्या पोरांचं चुकलं तर ते त्यांचं चुकायचं. माझं चुकलं असतं तर 'ह्या लोकांना झेपत नाय' झालं असतं. तुला काय वाटतं, ऐकलं नाय मी? पाच वर्षांनी हात हलवत गल्लीत येऊ आणि पप्पांना काय सांगू, उणे आलं म्हणून?"

हे खरं होतं. कॉरिडॉरमधलं ते बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, माझ्याबद्दलही. ज्या माणसाला हे सगळं माहीत होतं, त्याने हाताला धरून मला तिथे नेलं होतं, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग मला कशाला नेलंस तिथे?"

"तू हुशार आहेस. वाटलं, तुला सापडेल."

"आणि सापडल्यावर?"

"तू बोलशील," तो म्हणाला. "मला नाय जमलं. वाटलं, तुला जमेल."

मी तीनदा फोन केला होता. तीनदा त्याने मला उलट्या रस्त्याला लावलं होतं. आणि आता म्हणे तू बोलशील. मी रडले, त्याला तोंडाला येईल ते बोलले. विहाराच्या आवारात बोलू नयेत असे शब्द बोलले. तो ऐकत बसला. शेवटी मी म्हणाले, "चल माझ्याबरोबर सरांकडे. दोघं मिळून सांगू." तो म्हणाला, कॉलेजात अजून कन्फर्म झालेलो नाही, मुलगी लहान आहे, बघू. ते बघू अजून चालूच आहे.

मी एकटी गेले. सरांनी माझे आलेख शांतपणे पाहिले. चिमूट हा शब्द त्यांना वाचता येत होता, कळत नव्हता, ते कोलकात्याचे. मी अर्थ सांगितला.

"हा प्रोग्रॅम कोणी लिहिला?" त्यांनी विचारलं.

"राजरत्नने."

"थिसिसवर 'हे काम माझंच आहे' अशी सही कोणाची आहे?"

"त्याचीच."

"मग तक्रार लिही. राजरत्नच्या नावाने. चौकशी होईल, पदवी जाईल बहुतेक. तुझी तयारी आहे?" असं म्हणून त्यांनी खणातून एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. अगदी सभ्यपणे. पेपरवर सरांचं नाव होतं, मुख्य लेखक म्हणून चांदणीची खूण लावून. चुकीवर मात्र ते कुठेच नव्हतं. तो कोरा फॉर्म देताना सरांना पक्कं माहीत होतं की मी तो भरणार नाही. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली.

तरी मी तो भरायला घेतला. हे लपवणार नाही. घरी टेबलावर फॉर्म ठेवला आणि लिहिलं, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं पूर्ण नाव: राजरत्न बबन. तिथे पेन थांबलं. आपल्याकडे पूर्ण नाव म्हटलं की बापाचं नाव मधे येतंच. तीस वर्षं प्रत्येक चिमूट कार्डावर लिहून खाली सही करणारा तो माणूस, आणि त्याचं नाव मी या कागदावर लिहून बसले होते. आडनाव मी लिहिलंच नाही. फॉर्म फाडला.

मला वाटलं होतं, निदान माझं खरं तरी मी छापीन. चिमूट काढून थिसिस लिहायला घेतला. सर म्हणाले, "ताल साठ तुकड्यांत मोडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. यात नवीन काय?" नवीन एवढंच होतं की जुनं खोटं होतं, आणि ते लिहायचं तर पुन्हा राजूदादाचंच नाव लिहायला लागणार होतं. सरांनी सही केली नाही. फेलोशिपची मुदत संपली. २०२३ च्या डिसेंबरात मी टेबल रिकामं करून परत आले. गल्लीत बातमी आधीच पोचली होती, की धर्मराजच्या पोरीला झेपलं नाही.

वडिलांनी एका शब्दाने विचारलं नाही. रंगाच्या पुडीने त्यांची छाती कायमची भरलेली, खोकून झाल्यावर माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. त्यांनी वाटलेले ते पेढे मला तेव्हा आठवायचे. खरं सांगावं असं रोज वाटायचं. पण वडील आणि बबनकाका रोज संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर एकत्र बसतात. सांगून काय करू? त्या दोघांचं बसणं मोडू?

आता मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शेड जुळवते. लाइट बॉक्समध्ये नमुना ठेवते, पिवळट वाटला तर बेताने निळा घालते, कार्डावर लिहिते आणि सही करते. नखं रंगली आहेत. काम मला चांगलं येतं आणि त्याचाही राग येतो. राजूदादा कॉलेजात कन्फर्म झाला. मागच्या वर्षी त्याचा तोच पेपर पाहून आणखी एक पोरगा सरांकडे लागला, बदलापूरचा, असं ऐकलं. त्याचा नंबर मी मिळवला होता. मी त्याला फोन केला नाही. राजूदादावर राग काढताना हे सुद्धा लिहायला हवं म्हणून लिहिते.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. दर वर्षी असते. पातेल्यापाशी पांढरा शर्ट घालून राजूदादा पळी घेऊन उभा होता, शेजारी त्याची आई अंजनाकाकू वाट्या पुढे करत होती. बबनकाका भिंतीशी खुर्चीवर, वर बरोबर तो फोटो. रांग पुढे सरकत माझ्यापर्यंत आली. काकूने माझा हात धरला, माझी नखं पाहिली आणि तिचे डोळे भरले. काकू मनाने फार चांगली आहे, तिच्या पोटात काही नसतं.

"चार वर्षं गेली गं पोरी तुझी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "घरचा डॉक्टर होता ना. अडलं होतं तर आमच्या राजूला विचारायचं. त्यानं सांगितलं असतं."

"विचारलं होतं, काकू," मी म्हणाले. "तीनदा."

काकूला वाटलं मी तिचं मन राखायला म्हणतेय. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. राजूदादाने वर पाहिलं नाही. माझी वाटी भरलेली होती, तरी त्याने तिच्यात आणखी एक पळी खीर घातली.